पिकअप हवाय? मग आधी टॉर्क कुठे संपतो ते बघ

नाशिकच्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: “दादा, माझ्याकडे 2023 ची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे. 1.5 टीएसआय टर्बो पेट्रोल, डीएसजी ऑटोमॅटिक, 31 हजार किलोमीटर. गाडी मस्तच आहे, पण हायवेला ओव्हरटेक करताना अजून जोर हवा असं वाटतं. एक मित्र म्हणतो थेट स्टेज टू कर, 200 घोडे आणि 340 टॉर्क मिळेल. दुसरा म्हणतो ट्यूनिंग बॉक्स लाव, सर्व्हिसिंगच्या आधी काढून ठेवता येतो. तिसरा पॉप्स अँड बँग्ज करून देतोय. दीड लाख बाजूला काढलेत. डिकीत सबवूफर आहे. पैसे कशावर घालू?”

तिन्ही मित्रांना चहा पाज आणि गाडी तूर्त तशीच ठेव. मी भोसरीत गेली वीसेक वर्षं टर्बोच्या गाड्यांचंच काम करतोय. तुझ्यासारखा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला मी पहिलं हेच विचारतो की जोर नेमका कुठे कमी पडतो? सिग्नलवरून सुटताना, की 80 वरून 120 ला जाताना? दोन्हीची औषधं वेगळी आहेत. तू ओव्हरटेक म्हणतोयस, म्हणजे दुसरं. तरीही सिग्नलचा हिशेब आधी करू, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात.

तुझं इंजिन कंपनीतूनच 250 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. पहिल्या गिअरमध्ये गिअर आणि डिफरन्शियल मिळून हा टॉर्क चाकापाशी साधारण सोळापट होतो. 205/55 आर16 टायरची त्रिज्या 31-32 सेंटीमीटर. भागाकार केलास तर पुढची दोन चाकं मिळून रस्त्याला मागे रेटायला बघतात ते जवळपास साडेबाराशे किलोच्या जोराने. आता गाडीचं वजनच साधारण साडेबाराशे किलो. तू बसलास, पेट्रोल भरलं, तरी पुढच्या चाकांवर आठशे किलो येतील. त्यातही गाडी सुटताना नाक उचलते आणि भार मागे जातो. कोरड्या डांबरावर चांगला टायर साडेसहाशे-सातशे किलोचा जोर धरेल. उरलेला गेला ट्रॅक्शन कंट्रोलच्या दिव्यात. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये तुझ्याकडे आत्ताच गरजेपेक्षा जवळपास दुप्पट जोर आहे. 340 टॉर्क करून तिथे मिळणार ते फक्त रबराचा वास.

म्हणून 0 ते 100 चा आकडा विसर. मोजायचं ते 80 ते 120.

आता पुढचा रविवार पकड आणि मोकळ्या रस्त्यावर, कायद्यात बसेल तिथे, एक गोष्ट बघ. समृद्धीवर गाड्यांना 120 ची मर्यादा आहे, तिथे जमेल. पॅडल वापरून गाडी चौथ्या गिअरला घे आणि 80 ला आरपीएमचा काटा कुठे आहे ते पाहा. सव्वातीन ते साडेतीन हजाराच्या दरम्यान असेल. 120 ला तोच काटा पाच हजाराच्या आसपास जाईल. आता कंपनीचा तक्ता आठव: 250 न्यूटन मीटर 1600 ते 3500 आरपीएम, आणि 150 घोडे 5000 च्या पुढे. म्हणजे तुझं ओव्हरटेक जिथे सुरू होतं, नेमका तिथेच टॉर्क उतरायला लागतो. पाच हजारावर 150 घोडे म्हणजे टॉर्क उरला 210. तुला जो जोर कमी वाटतो तो हाच, 250 वरून 210 पर्यंतचा उतार. खाली 1800 वर आणखी 90 न्यूटन मीटर ओतून हा उतार भरत नाही.

मी तुझ्या गाडीला काय करेन, तर टॉर्कची टोपी 250 च्या आसपासच ठेवेन आणि तो टॉर्क उजवीकडे ताणेन. पाच हजारावर 210 च्या जागी 240 मिळाला, तरी हिशेबाने 171 घोडे होतात. कागदावर आकडा किरकोळ दिसतो, मित्राच्या 200 पुढे तर हसू येईल. पण 80 ते 120 मध्ये त्याने अर्धा सेकंद तरी वाचतो. शंभरच्या वेगाला अर्धा सेकंद म्हणजे 14 मीटर रस्ता, एका मोठ्या ट्रकच्या लांबीपेक्षा जास्त. समोरून एसटी येत असताना हे 14 मीटर कुठल्याही डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदापेक्षा मोलाचे वाटतात.

टोपी 250 लाच का, तर तुझ्या गिअरबॉक्समुळे. तुझा सात गिअरचा डीएसजी म्हणजे डीक्यू200. त्यात दोन क्लच असतात, दोन्ही कोरडे, तेलात न बुडालेले. एक सम गिअर सांभाळतो, दुसरा विषम. या गिअरबॉक्सची ठरवून दिलेली मर्यादा 250 न्यूटन मीटर आहे. म्हणजे कंपनीने इंजिनच गिअरबॉक्सच्या काठापर्यंत भरून दिलंय, वर जागा ठेवलेली नाही. आता तुला असे लोक भेटतील की ‘माझी 320 वर दोन वर्षं चालतेय’. चालत असेल. हायवेलाच फिरणाऱ्याची चालते. पण रोज द्वारका चौकातून सरपटत जाणाऱ्याच्या गाडीचे क्लच आधीच तापलेले असतात. तशात चौथ्या गिअरला पूर्ण पाय दिला की आरपीएम चढतो पण गाडी पुढे जात नाही. क्लच घसरायला लागल्याची ती खूण. मग क्लच पॅकचं बिल येतं आणि तुझे दीड लाख पिकअपसाठी न जाता गाडी पूर्ववत करण्यात जातात. तेलातल्या क्लचचा डीएसजी असता तर मी वेगळं बोललो असतो.

दुसरं कारण माझ्या टेबलावर आहे.

माझी पहिली टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली तेव्हा मीही आकड्यांच्याच मागे होतो. बाहेरून इंजिनच्या संगणकाची एक तयार फाइल विकत आणून घातली. दोन हजाराच्या आतच टॉर्कचा डोंगर. चालवायला इतकी गोड की गिअर टाकायचं विसरायला व्हावं. चार महिन्यांनी खंबाटकी घाट चढताना पाचव्या गिअरला, 1800 च्या आसपास, मी आळसाने गिअर न उतरवता पाय पूर्ण दिला. बॉनेटखालून एकच आवाज आला, रिकाम्या लोखंडी पिंपावर हातोडी मारावी तसा. गाडी बंद पडली नाही. साताऱ्यापर्यंत गेली, परतही आली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट केली तर सायलेन्सरमधून निळा धूर, आणि गाडी एका जागी उभी असताना थरथरत होती. कॉम्प्रेशन गेज लावला. तीन सिलिंडर बाराच्या आसपास, दुसरा पाचावर. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढला तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली कड करंजीची कड तुटावी तशी निघाली होती. तो पिस्टन अजून ठेवलाय, पंख्याने बिलं उडू नयेत म्हणून.

याला आमच्या धंद्यात एलएसपीआय म्हणतात. ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं. छोटं, थेट इंजेक्शनचं टर्बो इंजिन, कमी आरपीएम आणि पूर्ण बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब), या तिन्हीचा मेळ बसला की सिलिंडरच्या भिंतीवरून सुटलेला तेलमिश्रित पेट्रोलचा एखादा थेंबही आग लावायला पुरतो. साधं नॉकिंग (ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपोआप भडकणं) असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, सेन्सरवर ते ऐकतो आणि ठिणगी उशिरा टाकून सावरतो. इथे ठिणगीचा संबंधच नसतो, त्यामुळे सावरायला काही उरत नाही. म्हणून मी आता कुठल्याही लहान इंजिनाचा 2000-2200 च्या खालचा टॉर्क वाढवत नाही, उलट कधी थोडा कमीच करतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे. तेलाची ग्रेडही मॅन्युअलमध्ये दिलेलीच वापर. एपीआय एसपी ही प्रत याच दुखण्याची चाचणी घेऊन ठरवलेली आहे. ‘रेसिंग ऑइल’ म्हणून कुणी डबा पुढे केला तर मागे फिरवून त्यावर काय छापलंय ते वाच.

ट्यूनिंग बॉक्सवर माझा राग का, तेही यातूनच कळेल. तो बॉक्स बूस्टच्या सेन्सरच्या तारेत बसतो आणि ईसीयूला खोटं सांगतो. दाब 1.2 असेल तर 1.0 आहे म्हणतो. ईसीयू बिचारा वेस्टगेट (टर्बोला वळसा देणारी झडप) आणखी बंद करतो आणि बूस्ट वाढतो. पण ठिणगी कधी पडायची, मिश्रणात पेट्रोल किती जास्त ठेवायचं, क्लचला किती टॉर्क येतोय असं गिअरबॉक्सला सांगायचं, हे सगळे निर्णय त्या खोट्या आकड्यावर होतात. डीएसजी क्लच किती दाबून धरायचा ते इंजिनने कळवलेल्या टॉर्कवरून ठरवतो. तू त्याला 250 सांगतोस आणि हातात 300 देतोस. रिमॅपमध्ये, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअरच बदलण्यात, निदान हिशेब उघडा असतो: पेडलवरून मागितलेला टॉर्क, त्याची मर्यादा, बूस्ट, ठिणगी, सगळे तक्ते एकमेकांशी जुळवता येतात.

त्यासाठी फाइल मात्र तुझ्या गाडीवर लॉग (चालत्या गाडीच्या सेन्सरची नोंद) घेऊन बसवलेली हवी. ट्यूनर लॅपटॉप लावून दहा मिनिटांत फाइल टाकून ‘झालं’ म्हणाला तर समज, की त्याने दुसऱ्या कुणाच्या गाडीचा चष्मा तुझ्या नाकावर ठेवलाय. चांगला माणूस तीन-चार वेळा पूर्ण थ्रॉटलची धाव घेतो आणि प्रत्येक वेळी मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी ठेवून बघतो. चारही सिलिंडरमध्ये ठिणगी किती अंश मागे ओढली जातेय, म्हणजे नॉकिंगमुळे किती उशिरा पडतेय, तेही पाहतो. एखाद्या सिलिंडरला एक-दोन अंश अधूनमधून मागे जाणं चालतं. सगळे मिळून चार-पाच अंश मागे जायला लागले तर फाइलमध्ये जोर आहे पण पेट्रोलमध्ये नाही. अशी गाडी थंडीत पळते आणि एप्रिलमध्ये कंपनीच्या गाडीपेक्षाही सुस्त होते.

पेट्रोलचं नीट ठरव. ट्यूनिंग कुठल्या पेट्रोलवर करायचं? तुला नेहमी, डोळे झाकून, कुठेही मिळेल त्यावर. पुण्या-मुंबईत 95 किंवा 100 ऑक्टेनचं मिळतं, पण रात्री साडेअकराला घोटीजवळच्या पंपावर जे मिळेल ते मिळेल. आता साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल नॉकिंगला चांगलं आवरतं, सिलिंडरमध्ये जाताना हवाही थंड करतं, पण त्यात ऊर्जा कमी. निव्वळ पेट्रोलला एका किलोमागे 14.7 किलो हवा लागते, ई20 ला साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त ओतावं लागतं, आणि तू बूस्ट वाढवून हवाही वाढवणार. त्यामुळे लॉगमध्ये फ्युएल रेलचा दाब बघायचाच. वरच्या आरपीएमला दाब खाली बसत असेल तर ट्यूनरने तिथेच थांबायचं.

आणि उष्णता. टर्बोने हवा दाबली की ती तापते, इंटरकूलर तिला थोडी थंड करतो. हवा दहा अंशांनी गरम झाली तर घनता साधारण तीन टक्क्यांनी घटते, नॉकिंगची भीती वाढते ती वेगळीच. इगतपुरीच्या टोलवर दहा मिनिटं रांगेत उभा राहून निघालास, की पहिली दोन-तीन ओव्हरटेक ढिली वाटतात. दोष ट्यूनचा नसतो, इंजिनभोवतीची हवा तापलेली असते. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी. टर्बो नसलेल्या गाडीचा जोर तेवढा गळतो, तुझी टर्बो जास्त फिरून तो भरून काढते. पण जास्त फिरली म्हणजे हवा जास्त तापली. म्हणून समुद्रसपाटीवर अगदी काठावर बसवलेली फाइल घाटमाथ्यावर आणू नये.

स्टेज टू म्हणजे डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) बदलायचा आणि बहुतेक वेळा कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढायचा. टर्बोपुढची वाट मोकळी झाली की जोर मिळतो, हे खरं आहे. पण मिळतो तो वरच्या टोकाला, आणि तुझ्या डीक्यू200 ला तो पेलायचा कुठे? शिवाय कॅट काढलेली गाडी पीयूसीत बसत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 व जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघता मूळ रचनेत असा बदल करायला मोकळीक नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गाडीखाली वाकून बघितलं, तर काय होईल ते मी सांगायला नको. रिमॅपही विम्याला न कळवता केला तर हीच अडचण आहे, हे लपवत नाही. वॉरंटीचंही तसंच. सर्व्हिस सेंटरने कंपनीचा संगणक जोडला आणि सॉफ्टवेअर मूळचं नाही असं निघालं, तर गाडीच्या नोंदीत टीडी1 असा शिक्का बसतो. मग इंजिन-गिअरबॉक्सचा वॉरंटी क्लेम विसर. मूळ फाइल परत टाकली की कळत नाही, यावर विसंबू नकोस. या गाडीला चार वर्षांची वॉरंटी असते. ती संपेपर्यंत रिमॅपला हात लावू नकोस, असं मी माझ्या धाकट्या भावाला सांगेन. तुलाही तेच सांगतो.

पॉप्स अँड बँग्जबद्दल फार बोलत नाही. पाय उचलल्यावर मुद्दाम पेट्रोल ओतून सायलेन्सरमध्ये जाळायचं. गाडी तसूभरही पुढे जात नाही, कॅट आणि टर्बो भाजून निघतात, आणि एक दिवस पोलीस तो सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात. उघडा कोन एअर फिल्टरही तसाच. आवाज येतो, पण बॉनेटखालची गरम हवा आणि उन्हाळ्यातली धूळ दोन्ही आत जातात. मूळ बंद डबा आणि नवा कागदी फिल्टर, बास.

मग वॉरंटी संपेपर्यंत काय? बरंच आहे, आणि त्यातलं काही फुकट आहे.

ओव्हरटेकच्या दोन सेकंद आधी पॅडलने गिअर खाली घे. डी मोडमध्ये 80 ला गाडी सहाव्या-सातव्यात असते. पाय पूर्ण दिल्यावर ती विचार करणार, दोन-तीन गिअर उतरणार, मग बूस्ट भरणार. त्यात जो वेळ जातो तो स्टेज वनने, म्हणजे नुसत्या रिमॅपने, मिळणाऱ्या फायद्यापेक्षा मोठा असतो. माझ्याकडे आलेल्या दोघा-तिघांनी हे करून बघितलं आणि ट्यूनचा विचारच सोडून दिला. माझं नुकसान झालं, ते असो.

नंतर टायर. 31 हजारावर मूळचे टायर अजून घासलेले दिसत नसतील, पण रबर कडक झालेलं असतं. हाच आकार ठेवून चांगल्या पकडीचे चार घे. सतरा-अठरा इंची अलॉय घालू नकोस, जड चाक फिरवायलाही जोर लागतो आणि थांबवायलाही. टायरने पहिल्या दोन गिअरमधला वाया जाणारा जोर रस्त्यावर येईल, आणि पावसाळ्यात कसाऱ्याच्या वळणांवर जीव भांड्यात पडेल. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदल. ते हवेतली ओल ओढतं आणि घाट उतरताना उकळायला लागलं की पेडल पोकळ होतं.

स्पार्क प्लग काढून बघ. बूस्टखाली सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजलेल्या प्लगची फट आधीच वाढलेली असते. पूर्ण थ्रॉटलला गाडी बारीक अडखळते आणि आपण म्हणतो टर्बो गेली. पाइपांच्या क्लॅम्पपाशी तेलाचा ओलसर डाग दिसला तर तिथून बूस्ट गळतोय. धुराची चाचणी करून घे, दहा मिनिटांचं काम आहे. तीन-चारपैकी एका गाडीचं ‘पिकअप कमी झालंय’ माझ्याकडे अशा एखाद्या क्लॅम्पवर निकालात निघतं.

हे सगळं धरून तुझे पन्नास-साठ हजार जातील, त्यातला मोठा वाटा टायरचा. उरलेले बाजूला ठेव. वॉरंटी संपल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींचा रिमॅप एकाच माणसाकडून, एकाच वेळी करून घे. त्याला पहिलं वाक्य हे सांग, की 250 च्या वर जायचं नाही, मला पाच हजारावरचा टॉर्क हवाय. तो हसला तर गाडी तशीच मागे घे.

आणि खरंच किती पळते ते बघायचंच असेल तर आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनसारख्या पाव मैलाच्या शर्यती झालेल्या आहेत. अशा बंद रस्त्यावर, हेल्मेट घालून, शेजारी अँब्युलन्स उभी असताना काय ते कर. गंगापूर रोडवर नको.

तोवर एक ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकाला जोडायचा छोटा प्लग) घेऊन लॉग काढून ठेव. चौथ्या गिअरला 80 ते 120, एकाच रस्त्यावर जाताना आणि येताना दोन-दोन वेळा, म्हणजे चढ-उतार आणि वारा वजा होईल. बूस्ट, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, ठिणगीची माघार आणि क्लचचं तापमान एवढ्या चार गोष्टी नोंदव. हीच नोंद टायर बदलल्यावर पुन्हा घे. आणि हो, दोन्ही वेळा सबवूफर घरी ठेव, नाहीतर वीस-पंचवीस किलोंचा फरक टायरच्या नावावर जमा होईल.